दिल्लीचे अनुदान आणि गावची शाळा

येलदरीच्या धरणात पाणी साठते, तेथून ते सिद्धेश्वरला येते आणि पुढे कालव्याने वसमतच्या अंगाला जाते, हे जवळा बाजारच्या श्रोत्यांना आम्ही सांगावयास नको. कालवा दाराशी आला म्हणून वावर आपोआप भिजत नाही, हेही येथील शेतकऱ्यास पक्के ठाऊक आहे. त्यासाठी नमुना सातचा अर्ज वेळेत द्यावा लागतो, मागील पाणीपट्टीची बाकी नसावी लागते, आणि पाळी सुटण्यापूर्वी चारी साफ करून ठेवावी लागते. ज्याने ह्यातले काहीच केले नाही त्याच्या बांधावरून पाणी पुढे निघून जाते, आणि तो पाटकऱ्याच्या नावाने बोटे मोडीत बसतो. गंमत अशी की, पाण्याच्या अर्जात कधी न चुकणारा हाच शेतकरी शाळा व्यवस्थापन समितीवर निवडून आला म्हणजे मात्र म्हणू लागतो, “दिल्लीत शिक्षणासाठी पैसा पडला आहे म्हणे, मग आमच्या शाळेला का मिळत नाही?”

प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर शोधण्यासाठी पुष्कळ लोक दिल्लीकडे पाहतात. कोणी मुंबईस खेटे घालतो, कोणी एखाद्या ‘ओळखीच्या’ माणसाच्या मागे लागतो. आमचा अनुभव असा की, हे उत्तर बहुतेक वेळा शाळेच्या कपाटातच सापडते. ते कसे, हे आज जरा विस्ताराने पाहावयाचे आहे.

पहिल्याने हा पैसा दिल्लीहून निघतोच का, ते समजून घेऊ. १९५० साली राज्यघटना अमलात आली तेव्हा शिक्षण हा विषय मुख्यतः राज्यांकडे होता. केंद्राने आपल्या हाती ठेवले ते उच्च शिक्षणाच्या दर्जात मेळ राखण्याचे काम. संघसूचीतील ६६ वी नोंद ती हीच. तथापि, कलम २८२ अन्वये कोणत्याही सार्वजनिक कामासाठी केंद्राला अनुदान देता येते, आणि पुढे १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने शिक्षण समवर्ती सूचीत आले. तेव्हापासून शाळेच्या दारावर दिल्ली आणि मुंबई अशा दोघांच्याही पाट्या लागल्या. महाराष्ट्रासारख्या राज्यात शालेय योजनांचा खर्च सामान्यतः केंद्राने शेकडा ६० आणि राज्याने शेकडा ४० असा उचलावयाचा असतो. म्हणजे दिल्लीचा रुपया गावी पोहोचतो तो राज्याच्या तिजोरीतून, राज्याचा वाटा सोबत घेऊन. दोघांपैकी एकाचा हात आखडला की दुसऱ्याचेही पाऊल अडते. ही गोष्ट ध्यानात न घेता केवळ दिल्लीला अर्ज धाडणे म्हणजे येलदरीच्या भिंतीवर उभे राहून आपल्या वावराला पाणी मागण्यासारखे आहे.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. “आमची शाळा अनुदानित आहे” असे आपण म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ इतकाच असतो की, शिक्षकांचे पगार राज्य सरकार देते. ते वेतन अनुदान. केंद्राच्या योजनांतून येणारा पैसा निराळा. तो बांधकामाला, प्रयोगशाळेला, पुस्तकांना, दुरुस्तीला, मुलामुलींच्या शिष्यवृत्तीला येतो. पहिला मिळतो म्हणून दुसरा आपोआप मिळेल असे नाही. पहिला मिळत नाही म्हणून दुसऱ्याची सर्वच दारे बंद आहेत असेही नाही.

अनुदान मागण्याची ही विद्या आपल्याकडे उशिरा आली, हे मान्य करावयास हरकत नाही. मुंबई इलाख्यात १८५४ च्या वुडच्या खलित्यानंतर खाजगी शाळांना सहाय्यक अनुदान देण्याची पद्धत रुजली. पुण्याच्या संस्थांच्या चालकांनी तपासणी, अहवाल, हिशेब ह्यांचा सराव तीनचार पिढ्या केला. मराठवाडा त्या वेळी हैदराबाद संस्थानात होता. तेथे १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघाले ते उर्दू माध्यमाचे. १९४८ च्या सप्टेंबरात संस्थान भारतात विलीन झाले. १९५० साली नांदेडला पीपल्स कॉलेज आणि औरंगाबादला डॉ. आंबेडकरांचे मिलिंद महाविद्यालय सुरू झाले. १९५८ साली मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले आणि १९९४ साली नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ. पुण्यामुंबईच्या लिपिकाला जे बाळकडूतून मिळाले, ते आमच्या संस्थांना प्रौढपणी शिकावे लागले. परंतु हे कारण आणखी किती वर्षे सांगावयाचे, हाही प्रश्नच आहे.

केंद्राचा पैसा दोन वाटांनी येतो. एक वाट हिशेबाची, दुसरी स्पर्धेची. हा भेद एकट्या आपल्याच देशात आहे असे नव्हे. अमेरिकेत १९६५ च्या शिक्षण कायद्याने गरीब मुलांच्या संख्येच्या प्रमाणात शाळांना पैसा देण्याची व्यवस्था केली, आणि तेथेही दुसरा काही पैसा अर्ज करून, चढाओढीने मिळवावा लागतो. हिशेबाच्या वाटेवर कोणाची मनधरणी चालत नाही. तेथे आकडा बोलतो. म्हणून त्या वाटेविषयी आम्ही अधिक सांगणार आहोत.

ह्या जिल्ह्याचेच एक उदाहरण घ्या. १९९४ साली केंद्राने जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रम सुरू केला. त्यासाठी जिल्हे निवडण्याची एक कसोटी अशी होती की, जेथे स्त्रियांच्या साक्षरतेचे प्रमाण देशाच्या सरासरीहून कमी आहे, तेथे प्रथम जावयाचे. महाराष्ट्रातून पहिल्या फेरीत जे जिल्हे घेतले त्यांत परभणी होता. हिंगोली तेव्हा परभणीतच होते. ते वेगळे झाले १ मे १९९९ ला. आपल्या आयाबहिणी निरक्षर राहिल्या ही अभिमानाची गोष्ट खचित नव्हे. परंतु जनगणनेच्या कागदावर ती खरी लिहिली गेली म्हणून पैसा आला. उणीव लिहून ठेवली तर ती भरून निघण्याचा संभव असतो.

आज हे काम ‘यू-डायस’ ह्या नावाने चालते. प्रत्येक शाळेला अकरा आकडी क्रमांक असतो. महाराष्ट्रातील शाळांचा क्रमांक २७ ने सुरू होतो. ३० सप्टेंबर हा संदर्भाचा दिवस धरून शाळेने आपली सारी माहिती भरावयाची: मुले किती, मुली किती, शिक्षक किती, वर्गखोल्या किती, त्यांतील धड किती, किरकोळ दुरुस्तीच्या किती, मोठ्या दुरुस्तीच्या किती, मुलींसाठी वेगळे स्वच्छतागृह आहे का, ते चालू आहे का, पाणी, वीज, उतरंड, ग्रंथालय. पुढे तालुका, जिल्हा आणि राज्य ह्यांच्या वार्षिक योजना ह्याच आकड्यांवर उभ्या राहतात आणि केंद्राच्या मंजुरी मंडळापुढे जातात.

मराठवाड्यातील एका शाळेची हकीकत आमच्या पाहण्यातली आहे. गावाचे नाव सांगत नाही. पावसाळ्यात दोन खोल्यांत मुले छत्र्या उघडून बसत. मुख्याध्यापक सज्जन आणि कष्टाळू होते. पण शाळेची अब्रू जाऊ नये म्हणून त्यांनी सलग काही वर्षे सर्व खोल्या ‘सुस्थितीत’ अशी नोंद केली. गावकऱ्यांनी दुरुस्तीचे अर्ज दिले, शिष्टमंडळे नेली, एकदा दाराला कुलूपही ठोकले. प्रत्येक वेळी कागद वर गेला, आणि वरच्याने यू-डायसचा तक्ता उघडून पाहिला. तेथे सगळे सुस्थितीत! त्या समितीत आमचेही एक स्नेही होते. तीन वर्षांनी त्यांनी तो छापील तक्ता पहिल्यांदा वाचला, आणि तो वाचताना त्यांचा चेहरा कसा झाला ते आम्ही विसरलेलो नाही. तोवर एक खोली मुलांना बसण्याजोगी राहिली नव्हती आणि वरच्या वर्गातल्या काही मुलींची नावे शाळेतून कमी झाली होती.

ह्यावर उपाय कायद्यातच आहे, आणि तो फारसा कोणी वाचत नाही. २००९ चा शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या एकविसाव्या कलमात शाळा व्यवस्थापन समिती सांगितली आहे: तीन चतुर्थांश सदस्य पालक, आणि निम्म्या स्त्रिया. बाविसाव्या कलमात त्या समितीने शाळा विकास आराखडा करावा असे म्हटले आहे. आणि पुढे असेही की, सरकारने वा स्थानिक संस्थेने जी योजना करावयाची, जे अनुदान द्यावयाचे, त्याचा पाया हा आराखडा असेल. पाया हा शब्द कायद्याचा आहे, आमचा नव्हे. प्रत्यक्षात काय होते? मागील वर्षीचा आराखडा समोर ठेवून त्यावरची तारीख बदलली जाते, आणि सह्यांसाठी वही घरोघर फिरते. ज्या बाईची सही घेतली जाते तिला विचारले असते, तर मुलींच्या स्वच्छतागृहाला कडी नाही हे तिने एका वाक्यात सांगितले असते.

योजनांची नावे बदलत असतात, त्याने गोंधळून जाऊ नये. १९८७ साली खडू-फळा मोहीम होती. मग जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रम, २००१ च्या सुमारास सर्व शिक्षा अभियान, २००९ पासून माध्यमिक शाळांसाठी वेगळे अभियान. २०१८ साली ही सर्व एकत्र करून समग्र शिक्षा झाली. तिच्या चौकटीत सरकारी आणि स्थानिक संस्थांच्या शाळांसाठी पटसंख्येप्रमाणे वर्षाला दहा हजारांपासून एक लाखापर्यंतचे एकत्रित शाळा अनुदान ठेवले होते, आणि त्यातला किमान दहावा हिस्सा स्वच्छतेवर खर्चावा असे सांगितले होते. पाटी कोणतीही असो, पट, इमारतीची नोंद आणि आराखडा हे तीन कागद प्रत्येक वेळी मागितले गेले.

आता स्पर्धेची वाट. २०२२ च्या सप्टेंबरात केंद्राने ‘पीएम श्री’ योजना मंजूर केली. देशभरात साडेचौदा हजार शाळा निवडावयाच्या, २०२२-२३ ते २०२६-२७ अशा पाच वर्षांसाठी, एकूण खर्च २७,३६० कोटी, त्यात केंद्राचा वाटा १८,१२८ कोटी. एका गटातून जास्तीत जास्त दोन शाळा. शाळेने स्वतः अर्ज करावयाचा. पण अर्जाच्या पात्रतेची पहिली चाळणी पुन्हा यू-डायसच्या माहितीतूनच. पक्की इमारत, उतरंड, मुलामुलींची निदान एकेक स्वतंत्र स्वच्छतागृहे, ह्या किमान अटी. म्हणजे पहिल्या वाटेवर जो झोपला, तो दुसऱ्या वाटेच्या तोंडाशीही पोहोचत नाही.

नीती आयोगाच्या अटल नवोन्मेष अभियानातून २०१६ पासून ‘अटल टिंकरिंग’ प्रयोगशाळा दिल्या गेल्या. सहावी ते बारावीच्या मुलांनी हातांनी यंत्रे जोडावी, मोडावी, पुन्हा जोडावी ह्यासाठी ती खोली. मांडणीसाठी दहा लाख आणि पाच वर्षांच्या चालवणुकीसाठी दहा लाखांपर्यंत, असे वीस लाखांपर्यंतचे ते अनुदान होते, आणि ते खाजगी शाळांनाही खुले होते. अडचण पैशाची नव्हती. दीड हजार चौरस फूट जागा दाखवावयाची होती. २०२५ च्या अर्थसंकल्पात पाच वर्षांत सरकारी शाळांत आणखी पन्नास हजार प्रयोगशाळांची घोषणा झाली. आपल्या मोंढ्यात ट्रॅक्टर आणि मळणीयंत्रे दुरुस्त करणारी जी पोरे आहेत, त्यांच्या धाकट्या भावंडांना ह्या खोलीचा उपयोग कोणी शिकवावयास नको.

महाविद्यालयांची कथा थोडी निराळी. विद्यापीठ अनुदान आयोगाचे उद्घाटन मौलाना आझादांच्या हस्ते २८ डिसेंबर १९५३ ला झाले आणि १९५६ च्या कायद्याने त्याला अधिकार मिळाले. ह्या कायद्यातील दोन कलमे प्रत्येक संस्थाचालकाला पाठ असावीत: २ (फ), म्हणजे आयोगाच्या यादीत महाविद्यालय म्हणून ओळख, आणि १२ (ब), म्हणजे केंद्राचे अनुदान घेण्यास पात्रता. पुष्कळ महाविद्यालये पहिल्यावरच समाधान मानून थांबली. वास्तविक पहिले कलम म्हणजे घराचा क्रमांक, आणि दुसरे म्हणजे नळाची जोडणी.

पंचवार्षिक योजनांच्या काळात ग्रंथालय, उपकरणे, मुलींचे वसतिगृह ह्यांसाठी आयोगाकडून महाविद्यालयांना पैसा येई. बारावी योजना मार्च २०१७ मध्ये संपली आणि ती वाट आटली. त्याआधीच, २०१३ साली ‘रूसा’ हे अभियान आले होते, आणि त्याने रस्ता बदलला: पैसा राज्यामार्फत, राज्याच्या आराखड्यातून. काही महाविद्यालये पुढेही कित्येक वर्षे जुन्याच पत्त्यावर पत्रे पाठवीत राहिली. २०२३ साली त्याची जागा ‘पीएम उषा’ने घेतली. २०२३-२४ ते २०२५-२६ साठी १२,९२६ कोटी १० लाखांची तरतूद होती, आणि महाविद्यालयाच्या बळकटीकरणासाठी पाच कोटींपर्यंतची सोय. येथे नॅकचे मूल्यांकन विचारले जाते. ही संस्था १९९४ पासून बंगळूरला आहे. तिच्या नावाने आपल्याकडे भिंतींना रंग दिला जातो, पण ग्रंथालयाची देवघेव वही वर्षानुवर्षे कोरीच राहते.

संस्थेसाठी न मागता एखाद्या प्राध्यापकाने आपल्या संशोधनासाठी मागावयाचे असेल तर समाजशास्त्रांसाठी १९६९ पासूनची भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद आहे. विज्ञानासाठी २०२३ च्या कायद्याने अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान स्थापन झाले. हळदीच्या करप्यावर, पूर्णेच्या लाभक्षेत्रात चिबड झालेल्या जमिनींवर, नरसीच्या नामदेवांच्या परंपरेवर आपल्या भागातील माणसाहून अधिक कोण लिहू शकेल? प्रस्ताव पडतात ते विषय लहान म्हणून नव्हे. ‘ग्रामीण विकास : एक अभ्यास’ असे अवाढव्य आणि पोकळ शीर्षक दिल्यामुळे पुष्कळ पडतात.

आणखी एक पैसा आहे, तो थेट मुलाच्या खात्यात जातो. आठवीतल्या मुलांसाठी आर्थिक दुर्बल घटकांची राष्ट्रीय शिष्यवृत्ती २००८ पासून चालत आली आहे. देशात दरवर्षी एक लाख शिष्यवृत्त्या, नववी ते बारावी, वर्षाला बारा हजार रुपये. पालकांचे उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत. परीक्षेला मुले बसविली नाहीत तर शाळेचे काहीच बिघडत नाही. बिघडते ते मुलाचे. खासदारांच्या स्थानिक विकास निधीविषयी मात्र थोडक्यात सांगतो, कारण त्याची चर्चा गरजेहून अधिक होते. ही योजना १९९३ ची. २०११-१२ पासून वर्षाला पाच कोटींची. खासदार शिफारस करतात, काम जिल्हाधिकारी कार्यालयामार्फत होते, संस्थेच्या हाती रोकड येत नाही.

समजा, योजना सापडली, पात्रताही आहे. तरी प्रस्ताव अडतो, आणि तो अडतो कोठे? आम्ही पाहिले त्यांतील पुष्कळ दोन ठिकाणी अडले. पहिले ठिकाण जमीन. आजोबांनी शाळेला दोन एकर दिली, नारळ फुटला, हार घातले. सातबारा मात्र आजोबांच्याच नावे राहिला. आता नातू चार, आणि चौघांचे चार वकील. दुसरे ठिकाण धर्मादाय कार्यालय. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याप्रमाणे मंडळात बदल झाला की नव्वद दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. दोन गट पडलेल्या संस्थेत असे अर्ज दोन्हीकडून जातात, दोन्हींवर हरकती येतात, आणि परिशिष्ट एकवर दिवंगत अध्यक्षांचेच नाव झळकत राहते. अशा संस्थेला दिल्लीतला अधिकारी पैसा कोणाच्या सहीवर देणार?

ह्याच फटीतून दलाल आत शिरतो. ‘शेकडा दहा द्या, मंजुरी आणतो’ असे तो म्हणतो. केंद्राच्या कोणत्याही योजनेत मध्यस्थाच्या वाट्याचा रकाना नाही, एवढे सांगून त्याला चहा पाजावा आणि वाटेला लावावे.

पैसा आला म्हणजे खरी परीक्षा सुरू होते. २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांप्रमाणे आर्थिक वर्ष संपल्यापासून बारा महिन्यांत उपयोगिता प्रमाणपत्र द्यावे लागते. अनुदानावर बँकेत जे व्याज साठते तेही संस्थेचे नव्हे, ते सरकारजमा करावयाचे. घेतलेले सूक्ष्मदर्शक, संगणक, बाके नोंदवहीत चढवावयाची, आणि मंजुरीवाचून विकावयाची नाहीत. एका प्रमाणपत्रासाठी पुढील हप्ता थांबतो, आणि प्लिंथपर्यंत आलेली खोली तशीच राहते. तिच्यात बाभळी उगवतात. अशा बाभळी रस्त्याने जातायेता आपण सर्वांनीच पाहिल्या आहेत.

तेव्हा श्रोत्यांना आमची विनंती एवढीच. शाळेची यू-डायसमधील माहिती गुप्त नाही. शाळेचा क्रमांक घालून कोणालाही संगणकावर ती पाहता येते. सप्टेंबर अखेरीस सोयाबीन काढणीला आलेले असते, घरात कोणाला सवड नसते, हे आम्ही जाणतो. तरी त्या आठवड्यात समितीच्या दोघातिघांनी, त्यांत एखादी आई असावी, मुख्याध्यापकांकडे जावे, भरलेल्या माहितीची प्रत मागावी, आणि ती हातात धरून एकेक खोली, एकेक नळ, एकेक दार पाहत हिंडावे. जेथे कागद आणि खोली जुळत नाही तेथे त्याच दिवशी दुरुस्ती करून घ्यावी. काम दीड तासाचे आहे.